दोन हात रुंदीचा खांब

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातून बाहेर पडणारी गर्दी बहुधा राजवाड्याकडे वळते. मंदिराला लागूनच असलेल्या शिवगंगा तलावाकडे फार थोडे लोक जातात आणि तलावाजवळच्या जुन्या चर्चच्या दारापर्यंत त्याहूनही थोडे. चर्च साधेच आहे. १७७९ साली बांधलेले, आकाराने बेताचे. मंदिराच्या उत्तुंग विमानाकडे पाहून आलेल्या डोळ्यांना ते आधी दिसतच नाही. आत मात्र पांढऱ्या संगमरवरातले एक शिल्प आहे आणि त्याच्यासमोर मराठी माणसाची पावले थांबतात. पलंगावर एक वृद्ध धर्मोपदेशक अखेरच्या घटका मोजत पडला आहे. त्याच्या उशाशी एक सहकारी उभा आहे, जवळ शाळेतली मुले आहेत आणि पलंगाशेजारी दरबारी पोशाखातला एक तरुण त्या वृद्धाचा हात आपल्या हातात धरून उभा आहे.

हा तरुण म्हणजे तंजावरचे सरफोजीराजे भोसले. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावरची गादी घेतली, त्या घराण्याचे हे वारस. पलंगावरचे वृद्ध म्हणजे जर्मन मिशनरी ख्रिश्चन फ्रीडरिख श्वार्ट्झ. भोसले कुळातला, आयुष्यभर शिवभक्त राहिलेला राजा ख्रिस्ती देवालयातल्या संगमरवरात कसा आला, याचे उत्तर तंजावरातल्या एका फेरीत हाती लागत नाही. त्यासाठी चेन्नईपासून किनाऱ्याकिनाऱ्याने खाली यावे लागते, कारण श्वार्ट्झ ज्या वाटेने तंजावरला आले ती वाट समुद्राकडून येते आणि तिच्यावरची जुनी चर्च अद्याप उभी आहेत.

हा प्रवास एकट्याने केलेला बरा. सहलीच्या वेळापत्रकात मंदिरे बसतात, राजवाडे बसतात, कुलूप लावलेली चर्च बसत नाहीत. लहान गावांतली अनेक जुनी चर्च रविवारच्या उपासनेपुरतीच उघडतात. इतर दिवशी किल्ली कोणाकडे आहे याची चौकशी करावी लागते आणि किल्ली येईपर्यंत आवारातल्या झाडाखाली बसून राहावे लागते. पंचवीस माणसांचा घोळका बरोबर असला की अर्धा तास वाट पाहण्याची कोणाची तयारी नसते. शिवाय या वास्तूंचा खरा ऐवज त्यांच्या कमानींत नसून फरशांत आणि भिंतींत बसवलेल्या कोरीव शिळांत आहे. झिजलेली लॅटिन, पोर्तुगीज, डॅनिश, इंग्रजी, तमिळ अक्षरे तिरप्या उजेडात एकेक करून लावावी लागतात आणि ते काम सावकाशीचे आहे. तमिळनाडूत पुष्कळ ठिकाणी चर्चमध्ये शिरताना पादत्राणे दाराशी काढून ठेवतात, हेही एकट्या प्रवाशाच्या चटकन ध्यानात येते. आपल्या वसईकडचे ख्रिस्ती बांधव चर्चला ‘देऊळ’ म्हणतात, तसेच तमिळ कॅथलिक ‘कोविल’ म्हणतात. शब्द देवळाचाच असेल तर जोडे बाहेर राहणार हे ओघानेच आले.

चेन्नईचे सेंट जॉर्ज किल्ल्यातले सेंट मेरी चर्च या वाटेवरचे पहिले ठिकाण. किल्ल्यात आज राज्याचे सचिवालय आणि विधानसभा असल्यामुळे दारावर ओळखपत्र दाखवून, पिशवी तपासून आत जावे लागते. भारतात उभे असलेले सर्वांत जुने अँग्लिकन चर्च म्हणून याची ख्याती आहे. गव्हर्नर स्ट्रेनशॅम मास्टर यांच्या काळात, लोकवर्गणीतून, १६७८ मध्ये बांधकाम सुरू झाले आणि २८ ऑक्टोबर १६८० रोजी त्याची प्रतिष्ठापना झाली. तोफगोळा पडला तरी टिकावे म्हणून छताला लाकूड न वापरता जाड कमानदार घुमट घातले आहेत. देवाच्या घराचे छत तोफांचा हिशेब करून बांधावे लागले, एवढ्यावरून त्या वसाहतीची मनःस्थिती कळते. रॉबर्ट क्लाइव्हचा विवाह १७५३ साली याच चर्चमध्ये झाला. बहुतेक पाहुणे तेवढीच माहिती घेऊन परततात.

आवारात पायाखाली पसरलेल्या थडग्यांच्या शिळा मात्र थांबून पाहण्यासारख्या आहेत. या शिळांखाली कोणीही पुरलेले नाही. त्या मूळच्या किल्ल्याबाहेरच्या जुन्या दफनभूमीतल्या. १७५८-५९ च्या वेढ्यात फ्रेंचांनी त्या थडग्यांच्या आडोशाने किल्ल्यावर मारा केला, म्हणून पुढे इंग्रजांनी थडगी मोडून शिळा चर्चच्या आवारात आणून अंथरल्या. हैदर अलीशी युद्ध जुंपले तेव्हा त्यांतल्या काही पुन्हा उचलून तटावरच्या तोफांखाली घातल्या गेल्या. मेलेल्यांची नावे अशी दोनदा लढाईच्या कामी आली. याच चर्चमध्ये ईस्ट इंडिया कंपनीने श्वार्ट्झ यांचे एक स्मारक बसवले आहे. ते शिल्पकार धाकटे जॉन बेकन यांनी घडवले. तंजावरला निघालेल्या प्रवाशाने ते नीट पाहून ठेवावे. एकाच माणसाची दोन स्मारके, एक कंपनीने उभारलेले आणि दुसरे राजाने. कंपनीला श्वार्ट्झ यांची आठवण का ठेवावीशी वाटली याचे कारण पुढे येईलच.

चेन्नईहून दक्षिणेला सुमारे पावणेतीनशे किलोमीटरवर तरंगमबाडी लागते. डॅनिश लोकांनी याचे ‘ट्रांकेबार’ केले. १६२० साली तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून त्यांनी येथे वखार आणि डान्सबोर्गचा किल्ला उभारला. पुढे तंजावर भोसल्यांकडे आले, तेव्हा ही वसाहत मराठ्यांच्या राज्यातले एक बेट होऊन राहिली. व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजीराजे यांच्या फौजेने १६९९ साली तिला वेढाही घातला होता. त्यानंतर दोनच वर्षांनी, १७०१ मध्ये, डॅनिश वसाहतवाल्यांनी आपल्यापुरते झायन चर्च बांधले.

त्याच किंग्ज स्ट्रीटवर न्यू जेरुसलेम चर्च आहे. दर्शनी भिंतीवर डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याची राजमुद्रा आणि १७१८ हे साल आहे. राजमुद्रा डॅनिश असली तरी चर्च तमिळ ख्रिस्ती लोकांसाठी बांधलेले होते. ९ जुलै १७०६ रोजी त्सीगेनबाल्ग आणि प्लुत्शाऊ हे दोन तरुण जर्मन येथे उतरले. वसाहतीतल्या डॅनिश अधिकाऱ्यांना ते नकोसे होते आणि काही काळ त्सीगेनबाल्ग यांना कैदेतही राहावे लागले. या माणसाने तमिळ शिकून व्याकरण लिहिले, शाळा काढल्या आणि १७१४-१५ मध्ये येथल्या छापखान्यात तमिळ नवा करार छापला. चर्च उभे राहून चार-पाच महिने होतात न होतात तोच, फेब्रुवारी १७१९ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. त्यांची कबर याच चर्चमध्ये आहे.

तरंगमबाडीत दुपारी रस्ता ओस असतो. समुद्र गावाच्या अगदी अंगाशी आलेला आहे. किनाऱ्यावरच्या चौदाव्या शतकातल्या मासिलामणिनाथ मंदिराचा बराच भाग लाटांनी नेला आणि डिसेंबर २००४ च्या त्सुनामीचा मोठा तडाखा या गावाला बसला. डॅनिशांनी १८४५ मध्ये ही वसाहत इंग्रजांना विकली, त्यानंतर व्यापाराचे महत्त्व ओसरले आणि गाव जागच्या जागी थांबल्यासारखे झाले. जुन्या वास्तू टिकल्या त्यामागे हेही एक कारण असावे. भरभराटीच्या शहरात जुने पाडून नवे बांधण्याची घाई असते.

१७५० साली, ऐन पावसाळ्याच्या सुमारास, श्वार्ट्झ येथे उतरले. जन्म १७२६ चा, प्रशियातल्या सोनेनबुर्ग गावचा, शिक्षण हाले येथे. तमिळची तोंडओळख त्यांनी जर्मनीतच करून घेतली होती. पुढची ४८ वर्षे ते मायदेशी परतले नाहीत आणि त्यांनी लग्नही केले नाही. आधी तरंगमबाडी, मग त्रिचनापल्ली आणि १७७८ पासून तंजावर. तमिळखेरीज त्यांना पोर्तुगीज, फारसी आणि हिंदुस्थानी येत असे. तंजावरच्या दरबाराशी संबंध आल्यावर ते मराठीही शिकले. या शेवटच्या गोष्टीकडे चरित्रकारांनी फारसे लक्ष दिलेले नाही, परंतु तिचे महत्त्व मोठे आहे. तंजावरात रयतेची भाषा तमिळ, राजाच्या घरची मराठी आणि कंपनीची इंग्रजी. या तिन्हींत स्वतः बोलू शकणारा माणूस त्या काळी विरळाच होता.

तरंगमबाडीहून मायिलादुतुरै आणि कुंभकोणमवरून तंजावरला जाणारी बस कावेरीच्या भातखाचरांतून जाते. या खाचरांसाठीच सगळी भांडणे झाली. कर्नाटकच्या नबाबाचा या सुपीक मुलखावर डोळा होता आणि कंपनीचे नबाबाला पाठबळ होते. १७७३ साली कंपनीच्या फौजेने तंजावर जिंकून नबाबाच्या हवाली केले, तुळजाजीराजे कैद झाले आणि १७७६ मध्ये कंपनीनेच त्यांना पुन्हा गादीवर बसवले. गादी परत मिळाली, पण किल्ल्यात कंपनीचे शिबंदी-ठाणे कायमचे बसले. तलावाजवळचे चर्च श्वार्ट्झ यांनी बांधले ते अशा काळात.

तेथून दोन वर्षांत जे घडले त्याने त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. १७७९ मध्ये मद्रास सरकारने त्यांना श्रीरंगपट्टणला हैदर अलीकडे पाठवले. बोलणी निष्फळ ठरली आणि पुढच्याच वर्षी युद्ध पेटले. परतताना हैदराने त्यांना प्रवासखर्चासाठी तीनशे रुपये दिले होते. स्वतःसाठी काही ठेवायचे नाही म्हणून श्वार्ट्झ यांनी ते सरकारजमा करायला नेले. सरकारने ते घेतले नाहीत, तेव्हा त्यांनी त्या रकमेतून तंजावरच्या अनाथ मुलांच्या शाळेचा निधी सुरू केला. हैदराच्या स्वाऱ्यांनी खाचरे उजाड झाली, किल्ल्यातले धान्य संपले आणि माणसे रस्त्यांवर मरून पडू लागली. शेतकऱ्यांकडे धान्य होते, पण सरकारी आश्वासनावर त्यांचा विश्वास उरला नव्हता; पूर्वी धान्य नेऊन मोल बुडवल्याचा अनुभव ताजा होता. अखेर श्वार्ट्झ यांनी स्वतः शब्द दिला, तेव्हा बैल आणि धान्य किल्ल्यात आले. त्यांनी प्रत्येकाचे पैसे चुकते केले. कंपनीची फौज त्या धान्यावर जगली. मद्रासच्या चर्चमध्ये त्यांचे स्मारक उभारताना कंपनीला ही आठवण होती.

युद्धानंतर, १७८५ च्या सुमारास, तंजावरचे रेसिडेंट जॉन सलिव्हन आणि श्वार्ट्झ यांनी तंजावर, रामनाथपुरम आणि शिवगंगै येथे देशी मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या शाळा काढल्या. कंपनीने त्यांना वार्षिक अनुदान दिले. मेकॉलेच्या प्रसिद्ध टिपणाच्या पन्नास वर्षे आधीची ही गोष्ट. या शाळांत दरबारी आणि कारकुनी घराण्यांतली मुले येत, आणि राज्ये गेल्यावरही नोकऱ्या त्यांच्याच घरांत राहिल्या. दक्षिणी मराठी कुटुंबांतल्या अनेक दिवाणांचा आणि शिरस्तेदारांचा इतिहास येथून सुरू होतो.

तुळजाजीराजांची मुले लहानपणीच दगावली. १७८७ च्या जानेवारीत त्यांनी भोसल्यांच्याच शाखेतला नऊ वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. तेच सरफोजी. राजांनी मृत्युशय्येवरून श्वार्ट्झ यांना बोलावले आणि मुलाचे पालकत्व त्यांच्यावर सोपवले. राज्य चालवणे हे मिशनऱ्याचे काम नव्हे असे सांगून श्वार्ट्झ यांनी तो भार घेतला नाही आणि राजांचे भाऊ अमरसिंग यांना कारभारी नेमण्याचा सल्ला दिला. तुळजाजी गेल्यावर कंपनीने पंडितांचे मत घेतले. दत्तकविधान अशास्त्र ठरले आणि अमरसिंग कारभारी राहण्याऐवजी राजेच झाले. नऊ वर्षांचा सरफोजी वाड्यात जवळजवळ कोंडला गेला.

पुढची कथा सरळ उपकाराची म्हणून सांगितली जाते, पण ती इतकी सरळ नाही. अमरसिंगांना पुढे करण्याचा सल्ला श्वार्ट्झ यांचाच होता. त्याचे फळ पाहिल्यावर त्यांनी सरकारकडे तक्रारींचा पाठपुरावा सुरू केला. मुलाला उजेडही नीट मिळत नाही आणि त्याला कोणी शिकवतही नाही, अशी त्यांची तक्रार होती. सरफोजींची सुटका झाली ती आधी शिक्षणाच्या मुद्द्यावर. गादीचा प्रश्न नंतर आला. १७९३ मध्ये त्यांना मद्रासला नेण्यात आले. तेथे श्वार्ट्झ यांचे सहकारी गेरिके यांनी त्यांना शिकवले. दरम्यान दत्तकाचा प्रश्न पुन्हा पंडितांपुढे गेला, आणि या वेळी शास्त्रार्थ सरफोजींच्या बाजूने लागला. शास्त्र तेच होते. मद्रास सरकारचे मत तेवढे बदलले होते.

२९ जून १७९८ रोजी सरफोजी गादीवर बसले. २५ ऑक्टोबर १७९९ रोजी त्यांनी तहावर सही केली आणि राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजांना वर्षाला एक लाख होन, उरलेल्या महसुलाचा पाचवा हिस्सा, तंजावरचा किल्ला आणि वाडा एवढे राहिले. व्यंकोजीराजांनी मिळवलेले राज्य सव्वाशे वर्षांनी असे कागदावर संपले. श्वार्ट्झ तेव्हा हयात नव्हते. १३ फेब्रुवारी १७९८ रोजीच ते गेले होते. ते असते तर तहाच्या अटी वेगळ्या झाल्या असत्या असे मानायला आधार नाही. सरफोजींना गादी मिळवून देणारी वाट कंपनीच्या कचेरीतूनच जात होती आणि त्या वाटेची पट्टी कचेरीने वसूल केली. ती वाट दाखवणारा माणूस मात्र निर्लोभी होता, हे सरफोजींना पक्के ठाऊक होते. शिवगंगेच्या चर्चमधल्या शिल्पासमोर उभे राहताना या दोन्ही गोष्टी मनात एकत्र ठेवाव्या लागतात. एक सोडून दुसरी धरली की शिल्प एकतर मिशनऱ्यांची जाहिरात वाटते, नाहीतर मांडलिकाची खुशामत.

ते खुशामतीने केलेले नाही, याचा पुरावा राजांच्याच पत्रात आहे. १८०१ मध्ये सरफोजीराजांनी लंडनच्या धर्मज्ञानप्रसारक संस्थेला लिहिले की श्वार्ट्झ यांचे संगमरवरी स्मारक आपल्या खर्चाने करवून पाठवावे. ज्या व्यासपीठावरून ते प्रवचन करीत, त्याच्या अगदी जवळच्या खांबावर ते बसवायचे होते. आणि कारागिराला माप हवे म्हणून राजांनी कळवले की चर्चचे खांब सुमारे दोन हात रुंद आहेत. खांबाच्या रुंदीपर्यंतचा हा तपशील शिष्टाचाराच्या पत्रात येत नाही. तो त्या खांबापाशी उभे राहिलेल्या माणसाच्या पत्रात येतो.

काम जॉन फ्लॅक्समन या नामांकित शिल्पकाराकडे गेले. फ्लॅक्समन भारतात कधीच आले नाहीत. शिल्पातले दृश्यही जसेच्या तसे घडलेले नाही. श्वार्ट्झ आजारी असताना, नोव्हेंबर १७९७ मध्ये, सरफोजी त्यांना भेटून गेले आणि अंत्यविधीच्या दिवशी शेवटचे मुखदर्शन घेण्यासाठी आले, असे सहकारी मिशनऱ्यांनी लिहून ठेवले आहे. त्यांच्यासाठी अंत्यविधी काही वेळ थांबवला होता. राजपुत्र रडले आणि त्यांनी शवपेटीवर जरीचे वस्त्र घातले. शिल्पकाराने भेट आणि अंत एकत्र आणले. शिवाय त्या फेब्रुवारीत सरफोजी राजे नव्हते, वीस वर्षांचे, गादीविना असलेले राजपुत्र होते. संगमरवरात हात धरणारा राजा आहे. प्रत्यक्षात हात धरला होता तो ज्याचे पुढे काय होणार हे कोणालाच ठाऊक नव्हते अशा एका मुलाने.

हे स्मारक पाहून झाल्यावर पुन्हा बृहदीश्वराच्या आवारात जावे. प्राकाराच्या भिंतीवर १८०३ साली सरफोजीराजांनीच ‘भोसले वंश चरित्र’ कोरवून घेतले आहे. ते मराठीत आहे आणि देशातल्या सर्वांत मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. राज्य गेल्यानंतर चार वर्षांनी राजा आपल्या कुळाचा इतिहास चोळांच्या देवळाच्या भिंतीवर मायबोलीत लिहवतो, आणि त्याच सुमारास आपल्या गुरूसाठी लंडनहून संगमरवर मागवतो. दोन्ही ठिकाणांत चालत जाण्याचे अंतर काही मिनिटांचे आहे. सरफोजींना यात विसंगती वाटल्याचे कोठे दिसत नाही. राज्यकारभार हातून गेलेल्या राजाजवळ स्मरणाचे काम उरले होते आणि ते त्यांनी कसून केले. सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले. ओरत्तनाडूजवळ मुक्तांबापुरम येथे छत्राबरोबर शाळा चालवली. वाड्यात देवनागरी छापखाना घातला आणि १८०६ मध्ये तेथे इसापच्या गोष्टींचे मराठी पुस्तक ‘बालबोध मुक्तावली’ छापले. मराठीतले हे एक आद्य छापील बालपुस्तक. पुणे-मुंबईच्या शाळांतून छापील मराठी पुस्तके येण्याआधी ते कावेरीकाठी मुलांसाठी छापले गेले.

श्वार्ट्झ यांच्या दोन शिष्यांची येथे गाठ पडते. वेदनायगम शास्त्री हा तिरुनेलवेलीकडचा तमिळ ख्रिस्ती मुलगा त्यांनी तंजावरला आणून शिकवला. पुढे तो मोठा तमिळ कवी झाला आणि सरफोजींच्या दरबारात त्याला आश्रय मिळाला. तमिळ लोकनाट्यात कुरवंजी हा प्रकार आहे. त्यात भविष्य सांगणारी डोंगराळ जमातीची स्त्री येऊन देशोदेशीची वर्णने करते. शास्त्रींनी त्या साच्यात ‘बेथलेहेम कुरवंजी’ लिहिली, आणि सरफोजींच्या नावावर मराठीत ‘देवेंद्र कुरवंजी’ आहे. तिच्यात कुरवंजी जगाचा भूगोल सांगते. एकाच गुरूकडे शिकलेल्या दोघांनी आपापल्या भाषेत, आपापल्या श्रद्धेला धरून, एकच गावठी नाट्यप्रकार हाती घेतला. शाळेचा परिणाम कसा दिसतो ते येथे पाहावे.

सगळेच चित्र असे गोड नव्हते. तंजावरच्या चर्चमध्ये जातीजातींच्या बैठका वेगळ्या होत्या आणि श्वार्ट्झ यांनी त्या मोडल्या नाहीत. १८३३ मध्ये बिशप विल्सन यांनी चर्चमधला जातिभेद बंद करण्याचा हुकूम काढला, तेव्हा तंजावरचे कितीतरी कुटुंबप्रमुख चर्च सोडून गेले. विरोध करणाऱ्यांत वेदनायगम शास्त्रीही होते. हे कोणत्याही शिळेवर कोरलेले नाही.

श्वार्ट्झ यांची कबर मात्र फ्लॅक्समनच्या शिल्पापाशी नाही. ती पाहण्यासाठी किल्ल्याबाहेरच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये जावे लागते. बहुतेक प्रवासी संगमरवर पाहून समाधानाने परततात आणि कबर राहून जाते. येथे साधा दगड आहे. त्यावर काही इंग्रजी ओळी आहेत. त्या सरफोजीराजांनी स्वतः रचल्या. छंदाच्या दृष्टीने त्या कच्च्या आहेत, शब्द जड आहेत आणि यमके ओढून आणलेली आहेत. १८२६ मध्ये कलकत्त्याचे बिशप हीबर तंजावरला आले, राजांना भेटले आणि त्यांनी या ओळी उतरवून घेतल्या. हिंदुस्थानातल्या राजाने रचलेले इंग्रजी पद्य आपण आजवर दुसरे पाहिले नाही, अशा अर्थाची नोंद त्यांनी केली आहे. तेथून हीबर त्रिचनापल्लीला गेले आणि काही दिवसांतच, ३ एप्रिल रोजी, स्नान करताना मरण पावले. त्यांची कबर तेथल्या सेंट जॉन्स चर्चमध्ये आहे. तंजावरहून सकाळी निघून संध्याकाळपर्यंत परत येता येते.

सरफोजीराजे १८३२ मध्ये गेले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये पुत्र नसताना वारले आणि कंपनीने उरलेला किल्लाही घेतला. या वेळी दत्तकाचा प्रश्न पंडितांपुढे गेलाच नाही.

सेंट पीटर्समधल्या दगडावर राजांनी गुरूला ‘पिता’ म्हणून हाक मारली आहे. अक्षरे अजून वाचता येतात.